‘माझे’ कोणाचे?

स्वतंत्र स्लोव्हेनियाला हिवाळी ऑलिंपिकमधले पहिले सुवर्णपदक १२ फेब्रुवारी २०१४ रोजी सोचीत मिळाले, आणि ते मिळवणारी स्कीपटू त्या वेळी आपल्या देशाच्या राष्ट्रीय संघाबरोबर सराव करत नव्हती. टीना माझे हिने २००८ सालीच राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षणव्यवस्थेतून बाहेर पडून स्वतःचा खासगी चमू उभा केला होता. त्याचा सूत्रधार आंद्रेआ मासी हा इटालियन प्रशिक्षक होता आणि चमूतली बहुतेक महत्त्वाची माणसेही इटालियनच होती. त्या दिवशीच्या डाउनहिल शर्यतीत टीना आणि स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसिन या दोघींनी १ मिनिट ४१.५७ सेकंद अशी नेमकी एकच वेळ नोंदवली. ऑलिंपिकच्या अल्पाइन, म्हणजे डोंगरउतारावरून खाली येण्याच्या, स्कीइंगमध्ये सुवर्णपदक विभागून देण्याची वेळ त्यापूर्वी कधीही आली नव्हती. म्हणजे पदक दोघींचे, ध्वज दोन आणि राष्ट्रगीतेही दोन. पण त्यातल्या स्लोव्हेनियाच्या वाट्याचे खरे मालक कोण, हा प्रश्न काही त्या समारंभात सुटला नाही.

मराठी वाचकाला या खेळाडूच्या आडनावाची थोडी गंमत वाटेल. त्याचा उच्चार आपल्या ‘माझे’च्या इतका जवळ जातो की ‘माझे पदक’ असे लिहिले तर मालकीचा वाद तिथल्या तिथेच मिटावा. वाक्यावाक्याला घोटाळा नको म्हणून मी पुढे तिचा उल्लेख टीना असाच करणार आहे. प्रश्न मात्र गमतीचा नाही. गुणवान खेळाडूने राष्ट्रीय व्यवस्था सोडून आपली वाट धरली, तर देशाच्या स्की महासंघाने तिला अडवावे, सोडावे, की आणखी काही करावे? टीनाच्या कारकिर्दीकडे पाहून माझे मत असे झाले आहे की तिला जाऊ देणे योग्यच होते, परंतु जाऊ देताना तिच्याकडून जे मागायला हवे होते ते स्लोव्हेनियाच्या हाती लागले नाही. आणि ती गोष्ट पैसा नव्हती.

आधी तो देश पाहू. स्लोव्हेनियाचे क्षेत्रफळ सुमारे २० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडेसे अधिक, आणि लोकसंख्या जेमतेम एकवीस लाख. स्की हा तिथे श्रीमंतांचा सुटीतला छंद नाही. बेगुन्ये या गावातला एलान हा कारखाना १९४५ पासून स्की बनवतो, आणि दर हिवाळ्यात चालणाऱ्या विश्वचषक मालिकेत ८६ शर्यती जिंकणारा स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क याच कारखान्याच्या स्की वापरत असे. युगोस्लाव्हियाच्या काळात त्या देशाचे अल्पाइन यश हे जवळजवळ सर्वस्वी स्लोव्हेनियन खेळाडूंचे यश होते. बोयान क्रिझायने १९८० साली वेंगेनला स्लॅलम, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत उतरण्याची शर्यत, जिंकून विश्वचषक विजयांची सुरुवात केली. युरे फ्रान्कोने १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमचे, म्हणजे त्याहून दूरदूर रोवलेल्या खांबांच्या शर्यतीचे, रौप्य मिळवले. हिवाळी ऑलिंपिकमधले युगोस्लाव्हियाचे ते पहिलेच पदक, आणि त्यावर सारायेव्होच्या लोकांनी ‘आम्हाला युरेक बुरेकपेक्षाही प्यारा’ अशा अर्थाची घोषणा रचली होती. ज्या शहरात बुरेक हा जीव की प्राण असलेला पदार्थ आहे, तिथे याहून मोठे कौतुक संभवत नाही. पुढे मातेया स्वेतने १९८८ मध्ये कॅल्गरीला स्लॅलमचे रौप्य आणि १९८९ मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये अल्पाइनची तीन कांस्यपदके नव्या ध्वजाखाली आली. ही परंपरा इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण एवढेच की टीना शून्यातून उगवलेली नव्हती.

तिचा जन्म १९८३ चा. ऑस्ट्रियाच्या सीमेलगत, मेझा नदीच्या खोऱ्यात वसलेल्या चर्ना ना कोरोश्केम या गावात ती वाढली. शिशाच्या खाणींसाठी ओळखल्या जाणाऱ्या या खोऱ्याने लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक स्कीपटू देशाला दिले. जानेवारी १९९९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती मारिबोरच्या ‘झ्लाता लिसित्सा’ म्हणजे ‘सोनेरी कोल्हीण’ या स्पर्धेत विश्वचषकाची पहिली शर्यत उतरली. १९६४ पासून चालत आलेली ही स्पर्धा म्हणजे स्लोव्हेनियन महिला स्कीइंगचे घरचे कार्यच म्हणावे लागेल. ऑक्टोबर २००२ मध्ये सोल्डेनला तिने पहिला विश्वचषक विजय मिळवला आणि तोही विभागूनच: निकोल होस्प, आंद्रिने फ्लेम्मेन आणि टीना अशा तिघी एकाच वेळेवर पहिल्या आल्या. त्यानंतरच्या सहा हंगामांत मात्र विजय बोटांवर मोजण्याइतकेच आले. गुणवत्ता सर्वांना दिसत होती आणि निकाल तिच्या मागे रेंगाळत होते. २००८ चा निर्णय या पार्श्वभूमीवर झाला.

तो निर्णय अनेकांना उद्धटपणा वाटला. माझ्या मते त्यामागे स्वभावापेक्षा या खेळाची रचनाच अधिक कारणीभूत होती, आणि या मुद्द्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. टीनाच्या काळच्या अल्पाइन स्कीइंगमध्ये डाउनहिल आणि सुपर-जी हे वेगाचे प्रकार, स्लॅलम आणि जायंट स्लॅलम हे तंत्राचे प्रकार, आणि दोहोंचा मेळ घालणारा कंबाइन्ड हा पाचवा. बहुतेक राष्ट्रीय संघ आपल्या खेळाडूंची वेगाचा गट आणि तंत्राचा गट अशी वाटणी करतात. प्रत्येक गटाचे प्रशिक्षक, सरावाचे उतार आणि प्रवासाचे वेळापत्रक वेगळे असते. एखादीच वाट धरणाऱ्या खेळाडूला ही व्यवस्था सोयीची पडते. जिला पाचही प्रकारांत उतरायचे असते, ती मात्र दोन गटांच्या मधल्या फटीत सापडते: या आठवड्यात एका प्रशिक्षकाची पाहुणी, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची, आणि थकवा, विश्रांती, स्कीची तयारी यांचा सलग हिशेब ठेवणारे कोणीच नाही. अशा खेळाडूला स्वतंत्र चमू लागतो तो चैनीसाठी नाही, तर तिचे वर्ष एकसंध राहावे म्हणून. मोठ्या देशाचा श्रीमंत महासंघ एका खेळाडूसाठी अशी खास सोय करू शकतो. छोट्या देशाच्या महासंघाने ती केली तर उरलेल्यांच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखे होते. म्हणून खासगी चमू हा छोट्या देशाच्या अव्वल खेळाडूसाठी अपवाद नसून बहुधा एकमेव मार्ग असतो.

निकालांनी या तर्काला भक्कम आधार दिला. २००९ साली व्हाल द’इझेरला जायंट स्लॅलमचे जागतिक रौप्य, २०१० मध्ये व्हँकुव्हर ऑलिंपिकची दोन रौप्ये, २०११ मध्ये गार्मिशला पहिले जागतिक अजिंक्यपद, अशी चढती कमान लागली. मग २०१२-१३ चा हंगाम आला. विश्वचषक मालिकेत पहिल्या क्रमांकाला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६० अशा उतरत्या क्रमाने तिसाव्या क्रमांकापर्यंत गुण मिळतात. हेर्मान मायरने १९९९-२००० मध्ये मिळवलेले २००० गुण हा पुरुष-महिला मिळून उच्चांक होता. टीनाने त्या हंगामात २४१४ गुण मिळवले. अकरा विजय, चोवीस वेळा पहिल्या तिघींत स्थान, आणि एकाच हंगामात पाचही प्रकारांत विजय. पुढे मिकाएला शिफ्रिनने २०१८-१९ मध्ये एका हंगामात सतरा शर्यती जिंकल्या, तरी तिची बेरीज २२०४ वरच थांबली. याचे कारण पुन्हा तेच: २४१४ हा आकडा एखाद्या प्रकारातल्या प्रभुत्वातून येत नाही, ऑक्टोबर ते मार्च जवळजवळ प्रत्येक शर्यतीत, प्रत्येक प्रकारात वरच्या क्रमांकांत राहावे लागते. आणि एवढे करूनही, त्या-त्या प्रकारातल्या गुणांवर दिला जाणारा चषक डाउनहिलमध्ये तिला एका गुणाने हुकला. आघाडीवरची लिंडसे व्हॉन फेब्रुवारीतच जखमी होऊन घरी गेली होती. शेवटची डाउनहिल शर्यत खराब हवामानामुळे झालीच नाही आणि तो एक गुण भरून काढायला जागाच उरली नाही. स्लॅलमचा चषकही शेवटच्या शर्यतीत नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या शिफ्रिनने ओढून नेला. आकड्यांची अशी थट्टा क्रीडेच्या इतिहासात वारंवार पाहायला मिळत नाही.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप कृतघ्नतेचा. ज्या क्लबांनी, ज्या शालेय व्यवस्थेने, ज्या महासंघाने पंधराव्या वर्षी तुला मारिबोरच्या उतारावर उभे केले, त्यांना पंचविसाव्या वर्षी सोडून जाणे कितपत शोभते? हा प्रश्न भावनेच्या पातळीवर समजण्यासारखा आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे: खेळाडू घडवणे आणि खेळाडू जिंकवणे ही एकच कामे आहेत. ती तशी नाहीत. दहा ते अठरा वयाच्या शंभर मुलामुलींना उतार, बस, प्रशिक्षक आणि स्की पुरवणे हे सार्वजनिक काम आहे. ते खासगी चमू कधीच करणार नाही आणि म्हणूनच महासंघाचे खरे श्रेय तिथे आहे. शंभरांतून पुढे आलेल्या एकीला सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी झगडायला शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि पहिले उत्तम जमणाऱ्याला दुसरे जमेलच असे नाही. सोचीतले दुसरे सुवर्ण, जायंट स्लॅलमचे, टीनाने पावसात आणि धुक्यात ०.०७ सेकंदांनी जिंकले. त्या सात शतांशांवर मेझा खोऱ्याचाही हक्क आहे आणि मासीच्या चमूचाही. दोघांपैकी एकाने सगळे श्रेय उचलले की हिशेब चुकतो.

शिवाय, ज्याला आपण ‘खासगी’ म्हणतो ते पूर्णपणे खासगी नसतेच. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या शर्यतीत उतरण्याचा परवाना राष्ट्रीय महासंघामार्फतच मिळतो. शर्यतीतल्या जागा देशानुसार ठरतात. जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिकसाठी नाव महासंघच पाठवतो. खेळाडू प्रशिक्षक बदलू शकतो, दारावरचा पहारेकरी बदलू शकत नाही. मार्क जिरार्देल्लीने ती हद्दही ओलांडली होती. ऑस्ट्रियात जन्मलेल्या या मुलाच्या वडिलांचे ऑस्ट्रियन महासंघाशी पटले नाही, तेव्हा बाप-लेक थेट लक्झेंबर्गच्या नावाने उतरू लागले आणि पाच वेळा विश्वचषकाचे सर्वंकष, म्हणजे सगळ्या प्रकारांतल्या गुणांच्या बेरजेवर ठरणारे, विजेतेपद ज्याच्या नावावर आहे, असा खेळाडू ऑस्ट्रियाने गमावला. अमेरिकेचा बोडी मिलर २००७ मध्ये संघ सोडून स्वतंत्र झाला, त्याच हंगामात सर्वंकष विजेता ठरला, मग संघात परतला आणि व्हँकुव्हरला त्याने सुवर्ण मिळवले. २०१५ च्या वसंतात टीनाला अवघ्या २२ गुणांनी मागे टाकून सर्वंकष विजेतेपद घेणाऱ्या ऑस्ट्रियाच्या आना फेनिंगरचेही लगेच आपल्या महासंघाशी व्यवस्थापक आणि जाहिरातीच्या हक्कांवरून जाहीर भांडण झाले. तेव्हा हा काही स्लोव्हेनियाचा घरगुती तंटा नव्हे. त्यातल्या त्यात स्लोव्हेनियाच्या महासंघाला एवढे श्रेय द्यायला हवे की त्याने ऑस्ट्रियाने जिरार्देल्लीच्या बाबतीत केलेली चूक केली नाही. टीना बाहेर राहूनही देशाचीच राहिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: असा चमू फार नाजूक असतो. सगळा डोलारा एका खेळाडूवर, काही पुरस्कर्त्यांवर आणि दोन-तीन माणसांच्या आपसांतल्या विश्वासावर उभा. इथे तर मुख्य प्रशिक्षक हाच टीनाचा आयुष्यातला जोडीदारही होता, म्हणजे शर्यत आणि घर यांच्यामध्ये भिंतच नव्हती. विक्रमी हंगामानंतर प्रशिक्षक लिव्हिओ मागोनी चमू सोडून गेला आणि पुढच्या वर्षीची सुरुवात इतकी फसली की सोचीला जेमतेम महिना उरला असताना स्विस प्रशिक्षक माउरो पिनीला बोलावावे लागले. त्यानंतर सोचीत दोन सुवर्णे आली हे खरे, पण शेवट गोड झाला म्हणून आधीचा धोका खोटा ठरत नाही. राष्ट्रीय संघात एक प्रशिक्षक गेला तर दुसरा असतो. खासगी चमूत एक माणूस गेला की अर्धी बुद्धी गेली. तरीही मी म्हणेन की हा धोका पत्करण्याचा हक्क खेळाडूचा आहे. कारकीर्द तिची, गुडघे तिचे, आणि फसली असती तर ठपकाही तिच्यावरच आला असता.

जो हक्क तिचा नाही, किंवा निदान फक्त तिचा नाही, तो त्या चमूत साठलेल्या ज्ञानाचा. माझा मुख्य आग्रह इथे आहे. पाचही प्रकारांत एकाच वर्षी जिंकायचे तर आठवड्याची आखणी कशी करावी, स्लॅलमच्या सरावानंतर किती दिवसांनी डाउनहिलला उतरावे, विश्रांती कुठे घ्यावी आणि कोणती शर्यत सोडून द्यावी, हे त्या चमूला पाच-सहा वर्षांत कळले आणि त्यापूर्वी ते फार थोड्यांना ठाऊक होते. जानेवारी २०१७ मध्ये मारिबोरच्या त्याच उतारावर टीनाने निरोपाची शर्यत केली. २६ विश्वचषक विजय, ८१ वेळा पहिल्या तिघींत, जागतिक स्पर्धांत चार सुवर्णांसह नऊ पदके आणि ऑलिंपिकची चार. पण ते ज्ञान कुठे गेले?

ते स्लोव्हाकियात गेले. मागोनी २०१६ मध्ये पेत्रा व्ल्होव्हा या स्लोव्हाक स्कीपटूचा प्रशिक्षक झाला. तिचाही चमू खासगीच, तिचाही देश छोटा. त्याच्या हाताखाली तिने २०२०-२१ मध्ये विश्वचषकाचे सर्वंकष विजेतेपद मिळवले. ते नाते तुटल्यावर तिने ज्याला नेमले तो माउरो पिनी, सोचीत टीनाबरोबर असलेला. आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये व्ल्होव्हाने स्लॅलमचे सुवर्ण जिंकले. एका छोट्या देशाच्या अनुभवावर दुसऱ्या छोट्या देशाचे पीक आले. यात प्रशिक्षकांचे काही चुकले नाही. कारागिराला जिथे काम मिळते तिथे तो जातो. टीनाचेही चुकले असे मला वाटत नाही, कारण माणसे नेमताना पुढच्या पिढीची चिंता करणे हे शर्यत धावणाऱ्याचे काम नव्हे. ती चिंता वाहण्यासाठीच महासंघ नावाची संस्था असते.

स्लोव्हेनियात काय झाले तेही सांगायला हवे. इल्का श्टुहेत्सने २०१७ आणि २०१९ अशी सलग दोनदा डाउनहिलची जागतिक अजिंक्यपदे मिळवली, पण तिचाही गाडा मुख्यतः तिच्या आईच्या बळावर चालला. म्हणजे स्वतंत्र देशाच्या अल्पाइनमधल्या दुसऱ्या विश्वविजेतीलाही आपली वाट स्वतः खणावी लागली. पुरुषांमध्ये झान क्रान्येत्सने २०२२ मध्ये जायंट स्लॅलमचे ऑलिंपिक रौप्य मिळवले ते राष्ट्रीय संघात राहूनच, आणि त्यामुळे संघव्यवस्था निकामी आहे असे कोणी म्हणू नये. एकाच प्रकारावर लक्ष देणाऱ्याला ती पुरते, एवढेच यावरून दिसते. पण सर्व प्रकारांत खेळणारी आणखी एखादी मुलगी उद्या उभी राहिली, तर तिला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल.

म्हणून महासंघाने बाहेर पडणाऱ्या खेळाडूकडून निष्ठेची शपथ मागू नये, बक्षिसातला वाटाही मागू नये. त्याने दोन जागा मागाव्यात. चमूत देशातला एक तरुण प्रशिक्षक पगारी शिकाऊ म्हणून राहील, त्याचा पगार महासंघ देईल. आणि सरावाच्या शिबिरांत एक तरुण खेळाडू सोबत असेल. परवाना, जागा आणि नामांकन हे सगळे महासंघाच्याच हाती असते, तेव्हा अशी अट घालायला त्याच्याकडे ताकद पुरेशी आहे. आजवर ती बहुधा गणवेशावरच्या चिन्हांसाठी आणि पुरस्कर्त्यांच्या भांडणांसाठी खर्ची पडते. यावर असे म्हटले जाईल की अव्वल खेळाडूला आपल्याभोवती परका शिकाऊ नको असतो, तिची एकाग्रता बिघडते. हे खरे आहे, आणि २०१२ मध्ये स्विस संघाने तिच्या पोशाखाच्या आतल्या कपड्यांवर आक्षेप घेतला तेव्हा टीनाने कोर्तिनाच्या अंतिम रेषेपलीकडे पोशाखाची चेन उघडून आत लिहिलेले ‘तुमचा काय संबंध’ अशा अर्थाचे उत्तर जगाला दाखवले होते, हे लक्षात घेता तिच्याशी ही अट ठरवणे सोपे गेले नसते. पण अवघड वाटाघाट करणे हेच तर महासंघाच्या अधिकाऱ्यांचे काम. एक शिकाऊ पाच वर्षे गप्प उभा राहून पाहत राहिला असता, तरी मागोनी आणि पिनी निघून गेल्यावर घरात काहीतरी उरले असते.

मारिबोरला अलीकडे पुरेसे बर्फ पडत नाही, त्यामुळे ‘सोनेरी कोल्हीण’ क्रान्स्का गोराला हलवावी लागते. जानेवारी २०२२ मध्ये तिथे झालेली स्लॅलम शर्यत व्ल्होव्हाने जिंकली. स्लोव्हेनियाच्या उतारावर, स्लोव्हेनियाच्या प्रेक्षकांसमोर, टीनाच्या माजी प्रशिक्षकाने तयार केलेली विजेती उभी राहिली, आणि राष्ट्रगीत वाजले ते स्लोव्हाकियाचे.